मॅनेजर झालात? मग स्वतःचे नियम आधी कागदावर उतरवा

नवीन मॅनेजर झालं की कंपनी एक पीडीएफ पाठवते, कोड ऑफ कंडक्ट, खाली टिक करायचं, वर्षातून एकदा ट्रेनिंगचा व्हिडिओ बघून प्रश्नांची उत्तरं द्यायची, झालं काम. ती पीडीएफ वाचाच, पण ती मुख्यतः कंपनी अडचणीत येऊ नये म्हणून लिहिलेली असते. तुमच्या हाताखाली माणसं आली की त्यांची सुट्टी, शिफ्ट, रेटिंग, कधी कधी नोकरीसुद्धा तुमच्या एका मेलवर ठरते, आणि त्याबद्दल तिच्यात फारसं काही सापडत नाही. ते आपलं आपणच लिहायचं. मी भोसरी-चाकण पट्ट्यात प्रॉडक्शनमध्ये बरीच वर्षं काढलीयेत, आता नवीन सुपरवायझर आणि मॅनेजर तयार करतो, त्यांच्याकडून जे करून घेतो तेच इथे सांगतोय. हिंजवडी-खराडीच्या आयटीवाल्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

पहिली गोष्ट म्हणजे प्रामाणिकपणा, पारदर्शकता, आदर असले शब्द लिहू नका. त्यांना कोणीच नाही म्हणत नाही, त्यामुळे ऐन वेळी ते कामालाही येत नाहीत. त्याऐवजी रविवारी सकाळी तासभर शांत बसा आणि गेल्या सहा महिन्यांतले असे प्रसंग लिहून काढा जिथे निर्णय तुमचा होता आणि घरी आल्यावरही मन खात होतं. आठवत नसतील तर चार ठिकाणी शोधा: पैसे आणि भेटवस्तू, माणसांचं रेटिंग आणि बढती, सेफ्टी, आणि वरच्यांना दिलेले रिपोर्ट. बहुतेकांचे प्रसंग इथेच सापडतात.

एक उदाहरण जवळून बघा. पॉवर प्रेसला, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढणाऱ्या मशीनला, दोन हातांची बटणं असतात, दोन्ही एकदम दाबली तरच स्ट्रोक खाली येतो, म्हणजे दोन्ही हात बाहेर राहतात. महिनाअखेर असते, कस्टमरची गाडी गेटवर उभी असते, आणि कोणीतरी एका बटणावर चिकटपट्टी लावून ते कायमचं दाबून ठेवतं, आता एका हाताने बटण आणि दुसऱ्या हाताने पार्ट, तासाला पन्नास-साठ पीस जास्त निघतात. सुपरवायझर तिथून जातो, बघतो, काही बोलत नाही. कोणीही "पट्टी लाव" असं म्हटलेलं नसतं बरं का. पण त्या प्रेसवर उभा असलेला पोरगा कंत्राटी असतो, मराठवाड्यातून नाहीतर बिहारमधून आलेला, त्याला नाही म्हणायची सोय नसते. बोटं त्याची जातात. आपल्या पट्ट्यात हे नवीन नाहीये, कारखान्यात काम केलेल्या कोणालाही विचारा. त्या क्षणी सुपरवायझरच्या डोक्यात "सेफ्टी फर्स्ट"चा बोर्ड नसतो, डिस्पॅच असतो. म्हणून त्याचा नियम आधीच असा लिहिलेला पाहिजे: सेफ्टी बायपास दिसली की मी स्वतः मशीन बंद करणार, गाडी रिकामी गेली तरी चालेल आणि साहेबांच्या शिव्या खाव्या लागल्या तरी चालेल.

प्रत्येक नियम असाच लिहायचा. मी काय करणार किंवा करणार नाही, आणि त्यासाठी काय नुकसान सोसायला तयार आहे. नुकसान लिहिलं नाही तर तो नियम अजून ठरलेलाच नाही असं समजा. आणि संध्याकाळी स्वतःला विचारता आलं पाहिजे की आज पाळला का मोडला, हो किंवा नाही. "टीमशी चांगलं वागेन" याचं उत्तर देता येत नाही, "कोणालाही सगळ्यांसमोर ओरडणार नाही, चूक असेल तर केबिनमध्ये सांगेन" याचं देता येतं.

याचा नमुना आपल्या पुण्यातच आहे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १२ जून १९०५ ला भारत सेवक समाज स्थापन केला, डेक्कनला बीएमसीसी रोडवर त्याचा परिसर आजही आहे. सभासद होताना सात शपथा घ्यायच्या असत, फक्त सात. स्वतःसाठी पैसे मिळवण्यात शक्ती घालवणार नाही, समाज देईल त्यात भागवेन, अशी एक, आणि कोणाशीही वैयक्तिक भांडण करणार नाही अशी दुसरी. आपल्याला तेवढा त्याग करायचा नाहीये, पण पैशाचं आणि भांडणाचं किती सरळ लिहिलंय बघा. मतभेद होणारच हे त्यांना माहीत होतं, ते वैयक्तिक होऊ द्यायचे नाहीत एवढंच ठरवलं. दोन डिपार्टमेंटची खुन्नस ज्याने बघितलीये त्याला हा नियम किती महागातला आहे ते कळेल.

भेटवस्तूंचं बोलू. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस व्हेंडर यायला लागतात, ड्रायफ्रूटचा डबा, आत चांदीचं नाणं, एखाद्याला व्हाउचर, आणि "सर घरी पाठवू का?" हा प्रश्न. सरसकट नाही म्हणणं अवघड जातं, समोरचा माणूसही प्रेमाने आणतो कधी कधी, आणि तोंडावर परत करणं आपल्याकडे अपमान समजतात. त्यामुळे ओळ आधीच आखा आणि दसऱ्यालाच सगळ्या व्हेंडरना मेसेज करून टाका, म्हणजे कोणाची मान खाली जात नाही. माझ्या मते सोपा नियम असा की घरी काहीच घ्यायचं नाही, ऑफिसला जे येईल ते टीममध्ये वाटायचं, अगदी शिपाईकाका आणि हाउसकीपिंगच्या मावशींपर्यंत, आणि नाणं, व्हाउचर, रोख परत. व्हेंडरचं खरं भलं करायचं असेल तर त्याचं बिल वेळेवर काढा ना. लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे हे २००६ च्या एमएसएमई कायद्यातच आहे, तरी छोटा जॉबवर्कवाला चार-चार महिने फेऱ्या मारतो आणि वर डबाही आणतो.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर, कायदा म्हणजे तुमच्या यादीची जमीन समजा, त्याच्या खाली जायचंच नाही. ओव्हरटाइमला दुप्पट दर. दहा किंवा जास्त माणसं असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती, २०१३ पासून. सरकारी माणसाला लाच देणाराही गुन्हेगार, २०१८ च्या दुरुस्तीनंतर हे स्पष्ट आहे, आणि जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांत कळवावं लागतं. हे यादीत लिहीत बसू नका, फक्त माहीत असू द्या.

रेटिंगवर मात्र थांबा, कारण इथला अन्याय दिसत नाही. बेल कर्व्हमध्ये, म्हणजे ठरावीक टक्के लोकांना खालचं रेटिंग द्यायलाच लागतं त्या पद्धतीत, कोणालातरी खाली टाकायचं असतं आणि नाव कोणाचं येतं? २६ आठवड्यांची मॅटर्निटी लीव्ह घेऊन आलेलीचं, "ती वर्षभर नव्हतीच ना". किंवा ज्याने राजीनाम्याची धमकी कधी दिली नाही त्या गरीब माणसाचं. नियम लिहा: जेवढे महिने हजर तेवढ्याच महिन्यांच्या कामावर मोजणार. आणि खालचं रेटिंग ज्याला देईन त्याला कारण समोर बसून सांगेन, एचआरवर ढकलणार नाही. जे तोंडावर सांगता येत नाही ते रेटिंग देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

सात-आठ नियम झाले की पुरे. मग ते टीमला सांगा, भाषण नको, चहाला बसल्यावर दोन-तीन सांगितले तरी चालतील, आणि एका स्पष्टवक्त्या माणसाला सांगून ठेवा की मी मोडताना दिसलो तर मला टोक. त्याने टोकल्यावर चिडलात तर परत कोणी टोकणार नाही.

वरून दबाव आला तर काय? लवकर बोला, लेखी बोला, आणि पर्याय घेऊन बोला. "सर, बायपास करून नाही चालवत, पण रात्रपाळीला दुसरी प्रेस लावली तर सकाळी अकरापर्यंत माल देतो" याला साहेब ऐकतो, नुसत्या "हे चुकीचं आहे"ला ऐकत नाही. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही ती म्हणजे सहा महिन्यांचा खर्च बँकेत बाजूला ठेवा. वाकड-रावेतला फ्लॅट, त्याचा ईएमआय, मुलांची फी, यात अडकलेला चांगला माणूस गप्प बसतो, त्याची नीती वाईट नसते, त्याला पुढच्या पाच तारखेची भीती असते.

यादी बदलायची असेल तर खुशाल बदला, पण महिनाअखेरीला, ऑडिटच्या आठवड्यात किंवा अप्रेझलच्या दिवसांत अजिबात नाही. गणपतीच्या सुट्टीत, काही अडलेलं नसताना बदला, आणि जुना कागद फाडू नका, काय खोडलं आणि का खोडलं ते तारीख टाकून बाजूला लिहून ठेवा.