नारळ, लिंबू आणि कढीपत्ता एकाच ठिबक लाइनवर

वेळ सगळ्यांना एकच मिळते, म्हणून फरक ड्रीपरच्या संख्येत करा. दोन तास पाणी सोडलं तर नारळाला ताशी 8 लिटरचे चार ड्रीपर म्हणजे 64 लिटर, मोठ्या लिंबाला ताशी 4 लिटरचे चार म्हणजे 32, कढीपत्त्याला 4 लिटरचा एकच पुरे. लिंबाचे ड्रीपर खोडाशी नकोत. तिथे ओल राहिली की डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) येतो. फांद्यांच्या घेराखाली गोलाकार लावा. कुंड्या मात्र या लाइनवर घेऊच नका. त्यांना थोडं पण रोज लागतं, तेव्हा वेगळा व्हॉल्व्ह. शेवटच्या ड्रीपरखाली 15 मिनिटं भांडं ठेवा: 4 लिटरच्या ड्रीपरने 1 लिटर भरायला हवं. कमी भरलं तर आधी फिल्टर धुवा, मग एंडकॅप (नळीच्या टोकाचं झाकण) काढून नळी फ्लश करा.