एसएचबीजीची तपासणी: नुसता एकच आकडा घेऊन घरी येऊ नका

एसएचबीजी, म्हणजे सेक्स हॉर्मोन बाइंडिंग ग्लोब्युलिन, हे यकृतात तयार होणारं प्रथिन. ते टेस्टोस्टेरॉनला (पुरुषी हॉर्मोन) घट्ट धरून ठेवतं, इस्ट्राडायॉलला (स्त्री हॉर्मोन) जरा सैल. मोकळं टेस्टोस्टेरॉन उरतं जेमतेम १ ते ३ टक्के, आणि एसएचबीजी कमी असेल तर ते वाढतं. त्यामुळे टोटल टेस्टोस्टेरॉन नॉर्मल, तरी हनुवटीवर केस आणि पाळी लांबलेली, असं असलं की डॉक्टर ही तपासणी लिहून देतात.

चिठ्ठीवर फक्त एसएचबीजी असेल, तर डॉक्टरांना विचारून त्याच नमुन्यातून टोटल टेस्टोस्टेरॉनही करून घ्या. पुरुषांनी अल्ब्युमिनही (रक्तातलं आणखी एक प्रथिन) जोडावं. एसएचबीजीसाठी उपाशी राहावं लागत नाही, टेस्टोस्टेरॉनसाठी राहिलेलं बरं. साखर पोटात गेली की ते उतरतं. म्हणून लॅबला जाताना अमृततुल्यचा चहा नको, नुसतं पाणी चालेल. नमुना सकाळी ७ ते १० मध्ये द्या. हिंजवडी किंवा हडपसरला घरी बोलावणार असाल तर पहिलाच स्लॉट मागा, नाहीतर ट्रॅफिकमध्ये दहा वाजून जातात. पाळी येत असेल तर दुसरा ते पाचवा दिवस निवडा.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो बायोटिन या जीवनसत्त्वामुळे. केस-नखांच्या गोळ्यांत ते ५ ते १० मिलिग्रॅम सर्रास असतं. ज्या मशीनची पद्धत बायोटिनवर चालते, तिथे एसएचबीजी खोटं कमी आणि टेस्टोस्टेरॉन खोटं जास्त दिसतं. म्हणजे नसलेला पीसीओएस (अंडाशयाशी निगडित हॉर्मोनचा विकार) कागदावर उभा राहतो! नमुन्याआधी तीन दिवस ती गोळी बंद ठेवा आणि लॅबला तसं सांगा. गर्भनिरोधक गोळ्यांनी एसएचबीजी बरंच चढतं. साधारण तीन महिने थांबून तपासणी करतात, पण गोळी आपल्या मनाने सोडू नका. फेनिटोइन, कार्बामॅझेपिन या फिटच्या औषधांनीही एसएचबीजी वाढतं.

रक्त लाल किंवा पिवळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये घेतात. जांभळी ट्यूब सीबीसीची, म्हणजे रक्तपेशी मोजण्याची. एसएचबीजी त्यातून करायला निघाले तर विचारा. छोटी सेंटर नमुना पुढे मोठ्या लॅबला पाठवतात, रिपोर्ट कधी मिळेल तेही तेव्हाच विचारून ठेवा.

आता हिशेब. टेस्टोस्टेरॉन नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये असेल तर ०.०३४७ ने गुणा. ५० चे झाले १.७४ नॅनोमोल प्रति लिटर. त्याला एसएचबीजीने (तेही नॅनोमोल प्रति लिटरमध्ये) भागून १०० ने गुणलं की फ्री अँड्रोजन इंडेक्स, म्हणजे मोकळ्या पुरुषी हॉर्मोनचा अंदाज. एसएचबीजी ६० असेल तर २.९, २० असेल तर ८.७. टेस्टोस्टेरॉन तेच, अर्थ मात्र वेगळा. स्त्रियांमध्ये ५ च्या वरचा इंडेक्स बहुधा जास्त धरतात. पुरुषांसाठी हा इंडेक्स भरवशाचा नाही. तिथे अल्ब्युमिन धरून मोकळं टेस्टोस्टेरॉन काढतात.

एसएचबीजी कमी आलं तर वजन, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) बघतात. थायरॉइड मंदावलं की ते घटतं. जास्त आलं तर थायरॉइडचा जोर आणि यकृत. नॉर्मल रेंज प्रत्येक लॅबची निराळी असते, तेव्हा फेरतपासणी त्याच लॅबमध्ये, त्याच वेळेला करा.