आप्ताच्या स्मरणार्थ निधीसंकलनाची संध्याकाळ आयोजित करताना

घरातील एखादे माणूस गेल्यावर पहिल्या वर्षी त्याच्या नावाने काही विधायक काम व्हावे, अशी इच्छा अनेक कुटुंबांत असते, आणि महाराष्ट्रात तिला बहुधा गाण्याच्या किंवा अभिवाचनाच्या कार्यक्रमाचे रूप मिळते. पंडित भीमसेन जोशी यांनी आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये पुण्यात जो महोत्सव सुरू केला, त्यानंतर गावोगावी असे स्मृतिसमारोह उभे राहिले. मात्र स्मरणाला निधीसंकलनाची जोड दिली, की कार्यक्रमाचे स्वरूप बदलते, कारण आता इतरांचा पैसा त्यात येतो आणि त्याचा हिशेब देणे क्रमप्राप्त होते. पुढील सूचना दोन-तीनशे श्रोत्यांचा कार्यक्रम करू इच्छिणाऱ्या कुटुंबासाठी आहेत.

सर्वांत आधी एक निर्णय घरातच बसून घ्यावा: कार्यक्रमाचा सगळा खर्च कुटुंब करील आणि आलेली देणगी पूर्णपणे संस्थेला जाईल. हे वाटते तितके सहज नसते. समजा, तीनशे आसनांच्या सभागृहात पाचशे रुपयांच्या दोनशे वीस प्रवेशिका विकल्या गेल्या, तर एक लाख दहा हजार रुपये जमतात. पण सभागृहाचे भाडे, ध्वनिव्यवस्था, कलाकारांचे मानधन, छपाई आणि चहापान यांवर पंच्याऐंशी हजार गेले, तर संस्थेच्या हाती फक्त पंचवीस हजार पडतात. एवढ्या रकमेसाठी इतका खटाटोप करण्यापेक्षा पंच्याऐंशी हजारांचा धनादेशच थेट दिला असता तर बरे झाले असते, असे कोणी म्हटले तर त्याला उत्तर नसते. म्हणून कुटुंबाला झेपेल तेवढाच खर्च ठरवावा, तो भाऊबंदांत आधीच वाटून घ्यावा आणि निमंत्रणात एका वाक्यात तसे स्पष्ट लिहावे. आपला रुपया पूर्णपणे पोहोचणार आहे हे कळल्यावर देणाऱ्याचा हात मोकळा होतो.

दुसरा निर्णय संस्थेचा. ज्या आजारात माणूस गेले, त्याच आजाराशी संबंधित संस्था निवडण्याकडे साहजिकच कल असतो. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातील रुग्णांची विनामूल्य शुश्रूषा करणारे वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून, तर पुण्यात वारजे येथील सिप्लाचे उपशामक (वेदना व त्रास कमी करणाऱ्या) शुश्रूषेचे केंद्र १९९७ पासून काम करीत आहे, आणि अशा ठिकाणी अखेरचे दिवस निभावलेल्या कुटुंबांना त्यांचीच आठवण व्हावी हे योग्यच आहे. तरीही माणसाची ओळख त्याच्या आजारापुरती नसते. आयुष्यभर गणित शिकवलेल्या शिक्षिकेच्या नावाने तालुक्याच्या शाळेत प्रयोगशाळा किंवा वाचनालय उभे राहणे अधिक समर्पक ठरू शकते. शिवाय मोठ्या रुग्णालयाच्या वार्षिक जमाखर्चात दोन लाख रुपये दिसतही नाहीत, तर लहान वाचनालयाची तेवढ्या रकमेत दोन-तीन वर्षांची पुस्तकखरेदी होते. संस्थेला प्रत्यक्ष भेटून सध्या कशाची गरज आहे ते विचारावे आणि एकच हेतू ठरवावा. ‘समाजकार्यासाठी मदत’ असे मोघम आवाहन ऐकून कोणी खिशात हात घालीत नाही.

भेटीच्या वेळी तीन कागद पाहून घ्यावेत: सार्वजनिक न्यास म्हणून झालेल्या नोंदणीचे प्रमाणपत्र, देणगीदाराला प्राप्तिकरात वजावट मिळवून देणाऱ्या ८०जी सवलतीची सध्या वैध असलेली मान्यता आणि गेल्या दोन-तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब. त्यानंतर संस्थेचे नाव आणि बोधचिन्ह वापरण्याची तसेच तिच्या वतीने आवाहन करण्याची लेखी संमती घ्यावी. हिशेब दाखवायला टाळाटाळ करणाऱ्या संस्थेच्या विश्वस्तांशी कितीही घरोबा असला, तरी दुसरी संस्था शोधावी.

देणगी स्वीकारण्याची व्यवस्था हा या सगळ्या खटाटोपातील सर्वांत नाजूक भाग आहे. देणगी कुटुंबातील कोणाच्याही वैयक्तिक खात्यात किंवा कोणाच्या मोबाइलच्या यूपीआयवर घेऊ नये. ती थेट संस्थेच्या खात्यात जावी. याचे पहिले कारण कायदेशीर आहे. नोंदणीकृत न्यास नसलेल्या व्यक्तींनी धर्मादाय कारणासाठी वर्गणी गोळा करायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधील कलम ४१ क लागू होते आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सव मंडळे दरवर्षी घेतात तीच ही परवानगी. पैसा थेट नोंदणीकृत संस्थेकडे गेला आणि पावतीही तिनेच दिली, तर हा प्रश्न बहुतांशी मिटतो. दुसरे कारण नातेसंबंधांचे आहे. धाकट्या दिराच्या खात्यात किती जमा झाले, ही चर्चा वर्षश्राद्धाच्या पंक्तीत होण्यापेक्षा ती उद्भवूच न देणे शहाणपणाचे. संस्थेचा एक कर्मचारी पावतीपुस्तक आणि क्यूआर फलक घेऊन सभागृहाच्या दाराशी बसेल, असे आधीच ठरवून घ्यावे.

करसवलतीबद्दल देणगीदार हमखास विचारतात, त्यामुळे त्याची उत्तरे तयार ठेवावीत. दोन हजार रुपयांहून अधिक रक्कम रोख दिल्यास ८०जीची वजावट मिळत नाही, नव्या करप्रणालीनुसार कर भरणाऱ्यांना ती मुळातच मिळत नाही, आणि वस्तुरूपाने दिलेल्या देणगीलाही ती लागू नाही. ज्यांना सवलत हवी आहे, त्यांचे पूर्ण नाव, पत्ता आणि पॅन क्रमांक पावतीच्या वेळीच घ्यावेत. नंतर दीडशे लोकांना फोन करून पॅन विचारणे कोणालाच जमत नाही. प्रवेशिकेच्या किमतीबाबतही संदिग्धता नसावी. तिच्या बदल्यात कार्यक्रम पाहायला मिळत असल्यामुळे ती रक्कम निखळ देणगी ठरत नाही. त्यामुळे प्रवेश विनामूल्य ठेवून ऐच्छिक देणगीचे आवाहन करणे सर्व दृष्टींनी सरळ पडते. मराठी श्रोत्याला ‘प्रवेश विनामूल्य, काही आसने राखीव’ ही ओळ परिचयाची आहे, आणि विनामूल्य कार्यक्रमाला येणारा माणूस देणगी देत नाही हा समज फारसा खरा नाही. फक्त आवाहन नेमके असावे लागते.

परदेशातील नातेवाइकांनाही सहभागी व्हायचे असते. त्यांच्यापैकी ज्यांच्याकडे भारतीय पारपत्र आहे, त्यांनी आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम विदेशी देणगी मानली जात नाही. मात्र अमेरिकेचे किंवा ब्रिटनचे नागरिकत्व घेतलेल्या पुतण्याची रक्कम, त्याच्याकडे भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी, विदेशी देणगीच ठरते. ती स्वीकारण्यासाठी संस्थेकडे विदेशी अभिदाय (विनियमन) अधिनियमाखालील नोंदणी आणि दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत त्यासाठीचे स्वतंत्र खाते असावे लागते. लहान संस्थांकडे हे सहसा नसते. अशा वेळी त्या पुतण्याला दुसरी नोंदणीकृत संस्था सुचवावी. त्याने वडिलांच्या खात्यात पैसे पाठवावेत आणि ते पुढे संस्थेला द्यावेत, अशी पळवाट काढू नये.

दिवस निवडताना तिथीचा आग्रह धरण्याचे कारण नाही. श्राद्ध तिथीला होईल, कार्यक्रम जवळच्या शनिवारी किंवा रविवारी ठेवावा. परीक्षांचा काळ, भर पावसाळा आणि दिवाळीचा आठवडा टाळावा. पितृपंधरवड्यात मंगल कार्यालये रिकामी असतात, आणि स्मरणाच्या कार्यक्रमाला त्या दिवसांचे वावडे असण्याचे काही कारण नाही. अडचण वेगळीच असते: मंगल कार्यालयात आवाज घुमतो. गायन असेल तर लहान नाट्यगृह किंवा शाळेचे सभागृह केव्हाही चांगले. महापालिकेची नाट्यगृहे सत्रांनुसार भाड्याने मिळतात आणि त्यांच्या तारखा लवकर भरतात, म्हणून चार-पाच महिने आधी अर्ज करावा. सत्र संपण्याची वेळ ठळकपणे लिहून घ्यावी, कारण त्यानंतर पडद्यामागचा कर्मचारी दिवे बंद करू लागतो आणि त्याचे काही चुकत नाही. मोकळ्या जागेत कार्यक्रम असेल, तर ध्वनिक्षेपकाची लेखी परवानगी घ्यावी आणि रात्री दहाच्या आत सांगता करावी.

कार्यक्रमाची निवड गेलेल्या माणसाच्या आवडीवरून करावी, उपलब्ध कलाकारांवरून नव्हे. त्यांना नाट्यगीते आवडत असतील तर नाट्यगीते, आणि गाण्याचा कान नसून क्रिकेटचे वेड असेल तर जुन्या सामन्यांच्या आठवणी सांगणारा वक्ताही चालेल. संगीताच्या हक्कांचा विचार मात्र करावा. तुकारामांचा अभंग सर्वांचा आहे, पण त्याला विसाव्या शतकातील संगीतकाराने दिलेली चाल बहुधा हक्कसंरक्षित असते. हौशी मंडळाने शुल्क न आकारता केलेल्या सादरीकरणाला कायद्यात सूट आहे. केवळ कार्यक्रम धर्मादाय आहे म्हणून ती मिळत नाही. व्यावसायिक गायक चित्रपटगीते गाणार असतील, तर इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या परवान्याची चौकशी करावी. कलाकारांना फुकट गाण्याची गळ घालू नये. त्यांनी स्वतःहून मानधन नाकारले तर आभार मानावेत, पण तबलजी आणि संवादिनीवादक यांची बिदागी पाकिटात तयार असावी.

दोन तासांच्या कार्यक्रमात भाषणांना एकूण वीस मिनिटांहून अधिक वेळ देऊ नये. एक वक्ता कुटुंबाबाहेरचा असावा. शक्यतो असा, ज्याने त्या व्यक्तीची घरच्यांनाही अपरिचित असलेली बाजू पाहिली आहे, जसे की कचेरीतील कनिष्ठ सहकारी किंवा जुना विद्यार्थी. संस्थेच्या प्रतिनिधीने पाच मिनिटांत आपले काम सांगावे आणि किती रुपयांत काय होते, ते नेमक्या आकड्यांत मांडावे. देणगीचे आवाहन मध्यंतराच्या अगदी आधी, निवेदकाने करावे. ते पती, पत्नी किंवा मुलांवर सोपवू नये, कारण शोकात असलेल्या माणसाने पैसे मागणे श्रोत्यांना अवघडवून टाकते आणि त्या माणसालाही जड जाते. कार्यक्रमाच्या शेवटी आवाहन करून उपयोग नसतो. पसायदान सुरू झाले, की लोक चपला शोधू लागतात. देणगीदारांची नावे रकमेसह व्यासपीठावरून वाचण्याची प्रथाही टाळावी. पाचशे रुपये देणाऱ्या निवृत्त शिपायाला ती बोचते आणि पाच लाख देणाऱ्याला तिची गरज नसते. निमंत्रणात ‘कृपया पुष्पगुच्छ व हार आणू नयेत’ असे छापायला मात्र विसरू नये.

कार्यक्रमानंतर पंधरा दिवसांच्या आत संस्थेकडून एकूण जमा रकमेचे पत्र घ्यावे आणि त्याची प्रत, कुटुंबाने केलेल्या खर्चाच्या गोषवाऱ्यासह, सर्व निमंत्रितांना व्हॉट्सॲपवर पाठवावी. ज्यांनी पॅन दिला आहे, त्यांच्यासाठी संस्थेला आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत प्राप्तिकर खात्याकडे देणग्यांचे विवरणपत्र (१०बीडी) भरून देणगीदारांना देणगीचे प्रमाणपत्र (१०बीई) द्यावे लागते, याची एप्रिलमध्ये आठवण करावी. रक्कम कायम निधीत ठेवून केवळ व्याज वापरायचे असेल, तर तसे लेखी निर्देश देणगीदारांनी देणगी देतानाच द्यायला हवेत, आणि त्या व्याजात ठरवलेले काम खरोखर होते का, हेही तपासावे. पाच लाखांवर सात टक्के दराने वर्षाला पस्तीस हजारच मिळतात. हा कार्यक्रम दरवर्षी करायचा की नाही, हे त्याच संध्याकाळी भावनेच्या भरात व्यासपीठावरून जाहीर करू नये. हिशेब पूर्ण झाल्यावर, पुढच्या वर्षीचा खर्च कोण उचलणार ते कळल्यानंतरच ठरवावे.