पेटी टेम्पोत होती, पण जावाला दिसेना

क्लास, ऑब्जेक्ट, इनहेरिटन्सच्या व्याख्या तुम्हाला येत असतीलच. मलाही येत होत्या, तरी आपटलो.

मी देवगडचा. शिकवणीत इनहेरिटन्ससाठी देतात त्या उदाहरणातला ॲनिमल-डॉग मला कधी भुंकताना ऐकू आला नाही, म्हणून घरच्या आंब्याचा हिशेब जावा या प्रोग्रामिंग भाषेत लिहायला घेतला. 'पेटी' नावाचा क्लास, त्यात नंबर आणि डझन. पॅकिंगच्या यादीतली प्रत्येक पेटी टेम्पोच्या यादीत आहे का बघायचं, एवढंच काम.

नंबर जुळला की पेटी तीच, असं सांगणारी इक्वल्स मेथड लिहिली. दोन पेट्या समोरासमोर तपासल्या: ट्रू. मग टेम्पोची यादी ज्यात ठेवली होती त्या ॲरेलिस्टला कंटेन्स, म्हणजे 'ही पेटी तुझ्यात आहे का', असं विचारलं: फॉल्स. चार रात्री यातच गेल्या. बाबा वैतागले, "माज्या हातान चढवलंय, जातली खय?"

शेवटी पुण्याच्या चुलतभावाला फोन केला. तो म्हणाला, "इक्वल्सच्या कंसातला टाइप मोठ्याने वाच." वाचला. 'पेटी'. तिथे 'ऑब्जेक्ट', म्हणजे जावातल्या सगळ्या क्लासांचा मूळ क्लास, हवा होता!

म्हणजे मी ओव्हरराइड, म्हणजे मूळ मेथडच्या जागी माझी मेथड, केलंच नव्हतं; त्याच नावाची, पण वेगळ्या टाइपचा पॅरामीटर घेणारी दुसरी मेथड शेजारी लिहून ओव्हरलोड केलं होतं. हा परिच्छेद दोनदा वाचा. कोणत्या टाइपचा पॅरामीटर घेणारी मेथड चालवायची, हे कंपायलर व्हेरिएबलच्या जाहीर टाइपवरून आधीच ठरवून टाकतो. माझी दोन्ही व्हेरिएबल 'पेटी' टाइपची, म्हणून समोरासमोर माझी मेथड चालली. ॲरेलिस्टच्या आतल्या कोडला पेटी ठाऊकच नाही, त्याला फक्त ऑब्जेक्ट कळतो. त्याने ऑब्जेक्टवाली मूळ मेथड बोलावली, आणि ती मेमरीतली वस्तू अगदी तीच आहे का एवढंच बघते. कंपायलर गप्प, कारण त्याच्या नियमाने काहीच चुकलं नव्हतं. टाइप काटेकोर आहेत म्हणजे तो सगळं पकडेल, या भरवशावर राहू नका.

मेथडच्या डोक्यावर 'ॲट ओव्हरराइड' लिहीत चला. २००४ सालच्या जावा ५ पासून ही सोय आहे. लिहिलं असतं तर कंपायल करतानाच चूक दिसली असती. यादीऐवजी हॅशसेट वापरणार असाल, तर तो वस्तू शोधायला आधी जी मेथड बघतो ती हॅशकोडही त्याच नंबरवरून लिहा, नाहीतर हेच रडगाणं पुन्हा.

मुलाखतीच्या शंभर प्रश्नांची पीडीएफ पाठ करणं मला आळशीपणा वाटतो. ओव्हरलोड-ओव्हरराइडमधला फरक मीही त्यातूनच घडाघडा म्हणायचो. आणि आयतं उत्तर देणाऱ्यापेक्षा चुलतभावासारखा छळणारा बरा, तेव्हा कितीही राग येवो. अडकलात म्हणून मठ्ठ ठरत नाही. चार रात्री मात्र जातील.

दुरुस्त करून चालवलं, तेव्हा एकच पेटी जुळेना. ती पडवीतच राहिली होती.