डेल्टा प्रिंटरची फिलामेंट नळी कशी टाकावी

तीन खांबांच्या डेल्टा थ्रीडी प्रिंटरवर प्रिंटमध्ये मधेच थर विरळ आले की बरेच जण आधी नोझल, म्हणजे वितळलेलं प्लॅस्टिक सोडणारं टोक, बदलतात. मी आधी नळी बघतो. फिलामेंट म्हणजे प्लॅस्टिकचा धागा; तो ढकलणाऱ्या एक्स्ट्रूडरपासून तो वितळवणाऱ्या हॉटएंडपर्यंत जाणारी पीटीएफई (टेफ्लॉन) नळी बाहेरून ४ मिमी, आतून २ मिमी, आणि तिच्यात १.७५ मिमीचं फिलामेंट. मोकळीक फक्त पाव मिलिमीटरची. त्यामुळे प्रत्येक वळणावर फिलामेंट आतून घासतं, आणि सगळी वळणं मिळून किती अंश होतात त्यावर ही घासण भराभर चढते. आमच्या सोलापूरच्या अक्कलकोट रोडवरच्या यंत्रमागवाल्यांना हे समजावावं लागत नाही. सूत जितके वळसे घेत जाईल तितका ताण वाढतो, हे त्यांना बोटांनी कळतं.

म्हणून पहिला प्रश्न एक्स्ट्रूडर कुठे बसवायचा हा. खाली पायाशी बसवला तर नळी पूर्ण खांबाएवढी वर चढते आणि अर्धा वळसा घेऊन खाली येते. मी तो वरच्या चौकटीवर, दोन खांबांच्या मधोमध, तोंड आत करून बसवतो. आपलं बहुतेक काम बेडच्या, म्हणजे ज्यावर प्रिंट उभी राहते त्या पाटाच्या, जवळच चालतं, आणि तिथे या मांडणीत एकच मोठी कमान उरते. रीळ मात्र बाजूला घ्या. होमिंगला, म्हणजे सुरुवातीची जागा शोधायला, डेल्टाचा इफेक्टर (हॉटएंड धरणारा भाग) वर जातो तेव्हा नळीचा फुगा चौकटीच्या वर येतो, त्याला जागा लागते.

लांबी मोजताना इफेक्टर मेनूतून बेडवर, एक्स्ट्रूडरपासून सगळ्यात लांबच्या कडेला न्या. मोटर बंद करून हाताने नेऊ नका, इफेक्टर धाडकन खाली येतो. नळी तिथे सैल पोहोचली पाहिजे. हॉटएंडच्या आत जाणारा भागही हिशेबात धरा, वर दोन बोटं जास्त ठेवा आणि मार्करने खूण करा. मग होम करून बघा. कमानीची त्रिज्या पाच-सहा सेंटिमीटरपेक्षा कमी होत असेल तर एक्स्ट्रूडरची जागा किंवा कोन बदला, नळी आखडती घेऊ नका.

कापताना कात्री नको, भोक चेपतं. नव्या ब्लेडने अगदी काटकोनात कापा. इथे घाई करू नका, कारण तिरक्या कापामुळे नळी आणि नोझल यांच्यामध्ये फट राहते, तिथे प्लॅस्टिक वितळून साचतं आणि पुढचं सगळं जाम होतं. नळी नोझलपर्यंत जाणारा हॉटएंड असेल तर तो तापवा, नोझल अर्धा फेरा सैल करा, नळी टेकेपर्यंत दाबा आणि गरम असतानाच नोझल पान्याने आवळा. कपलरच्या (नळी धरून ठेवणाऱ्या जोडाच्या) कॉलरखाली क्लिप घाला. रिट्रॅक्शनच्या वेळी, म्हणजे फिलामेंट मागे ओढलं जातं तेव्हा, तिथे नजर ठेवा: नळी एक मिलिमीटर हलली तर रिट्रॅक्शनचा तेवढा भाग वाया.

मध्यभागी नळीला आधार द्या. शिलाईच्या दुकानात मिळणारं बारीक इलॅस्टिक वरच्या चौकटीला बांधून नळी हलकेच तोलून धरा. ताण जास्त झाला तर इफेक्टर कलतो, आणि चुंबकी सांध्यांचे दांडे असतील तर निसटतात. वायरी नळीबरोबर स्पायरलमध्ये गुंडाळा. झिप टाय करकचून आवळला की नळी आतून बारीक होते.

आता एक्स्ट्रूडरची पकड सोडून फिलामेंट हाताने ढकला: मध्यावर, तिन्ही खांबांपाशी, आणि अगदी वर. सगळीकडे जोर जवळपास सारखा लागला पाहिजे. बेडच्या कडेने एक गोल फेरी मारून नळी बेल्टला किंवा दांड्यांना शिवत नाही ना, तेही बघा.

माग जवळ असतील तर हवेत कापसाची तूस असते. ती फिलामेंटला चिकटून नळीत जाते, म्हणून एक्स्ट्रूडरच्या आधी स्पंजचा तुकडा लावाच, आणि काळा पडला की बदला. रिट्रॅक्शन ५ मिमीपासून सुरू करा. प्रिंटच्या भागांमध्ये प्लॅस्टिकची बारीक तार सुटत नसेल तर अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने कमी करत जा, आणि तार सुटू लागली की एक पायरी मागे या.