एका ए-फोर कागदाची पंक झिन

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. २०११ च्या पावसाळ्यात कॉलेजचा एक मुलगा पिशवीत गुंडाळून सात-आठ पानं घेऊन आला. पेपरातून कापलेली अक्षरं, काट मारलेले शब्द, फाडलेले फोटो, सगळं गोंदाने चिकटवलेलं. मी सवयीने मशीन लाइटवर घेतलं, म्हणजे चिकटवलेल्या कडांच्या सावल्या येणार नाहीत. तो म्हणाला, "नको ताई, उलट करा. जेवढं डार्क होईल तेवढं." तीस प्रती घेऊन तो गेला, आणि एक पान काचेवरच राहिलं. ते द्यायला मी त्याची वाट पाहिली, तो काही परत आला नाही. त्या पानावरच्या नावांचा शोध घेता घेता मी पंक, म्हणजे वेगवान, गोंगाटी रॉक संगीत, ऐकू लागले. आता माझ्या स्वतःच्या दोन झिना निघाल्या आहेत.

झिन म्हणजे कुणाला न विचारता, घरच्या घरी काढलेली चोपडी. ती कशी काढायची ते सांगते. विषय पंकचाच घेऊ, कारण हे संगीत मला वाचून कमी आणि कात्री चालवताना जास्त कळलं.

सामान फार नाही. ए-फोरचे चार कागद, कात्री, फेविस्टिक, काळं जाड पेन, व्हाइटनर, जुने पेपर. माझ्याकडे एका बाजूच्या झेरॉक्सला दोन रुपये पडतात, म्हणजे पन्नास प्रतींचे शंभर.

सुरुवात मात्र ऐकण्यापासून करा. रामोन्स या न्यू यॉर्कच्या बँडचा पहिला अल्बम लावा. एप्रिल १९७६ चा. १४ गाणी आणि सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत. रेकॉर्डिंगचा खर्च साधारण ६,४०० डॉलर, त्या काळच्या मानाने अगदीच किरकोळ. मी नाट्यगीतं ऐकत वाढले, त्यामुळे पहिल्यांदा नुसता गोंगाट वाटला. मग एकट्या गिटारकडे कान लावला. जॉनी रामोनचा हात तारांवर फक्त खाली येतो, घण पडावा तसा, आणि वर जाताना तार छेडत नाही. ते एकदा कानात बसलं की बाकीचं आपोआप उलगडतं. ऐकताना शेजारी वही ठेवा, सुचेल ते लिहा, आणि नंतर ते गुळगुळीत करत बसू नका. तेच तुमचं पान २ आणि ३.

आता घडी. कागद आडवा धरा. लांब कडा एकमेकींवर आणून एक घडी घाला आणि उघडा. मग आखूड कडा जुळवून दुमडा, आणि ती घडी न उघडता त्याच दिशेने पुन्हा एकदा मधोमध दुमडा. पूर्ण उघडलंत की आठ चौकोन दिसतील, वर चार आणि खाली चार, प्रत्येक साधारण साडेसात बाय साडेदहा सेंटिमीटरचा. पुन्हा फक्त आखूड कडा जुळवून एकदा दुमडा. घडीच्या बाजूने मधल्या रेषेवर कात्री लावा आणि तिला छेदणारी पहिली उभी घडी येईपर्यंतच कापा. उघडल्यावर कागदाच्या पोटात एक चीर दिसेल. आता लांबीत दुमडा, दोन्ही टोकं धरून एकमेकांकडे ढकला. चीर फाकते, वरून बेरजेच्या चिन्हासारखा आकार होतो. तो एका बाजूला मिटवला की आठ पानांची पुस्तिका तयार.

ही पहिली पुस्तिका कोरीच ठेवा. पेन्सिलने पानांवर १ ते ८ आकडे घाला आणि कागद परत उलगडा. खालच्या ओळीत डावीकडून ६, ७, ८, १ येतील आणि वरच्या ओळीत उलटे ५, ४, ३, २. हा नमुना समोर ठेवून दुसऱ्या कागदावर खरी पानं चिकटवा. त्या दुसऱ्या कागदाला आम्ही मास्टर म्हणतो. मास्टरला घड्या घालू नका, चीर तर अजिबात पाडू नका. प्रत्येक चौकोनाला सगळीकडून सात-आठ मिलिमीटर मोकळं सोडा, कारण कागदाच्या अगदी कडेचा मजकूर मशीन खातं.

वस्तू उघडून ती बनते कशी ते पाहायचं, ही युक्ती वॉशिंग्टनच्या मुलांचीही. तिथल्या टीन आयडल्स या शाळकरी पोरांच्या बँडने, बँड मोडल्यावर, साठलेल्या पैशांतून एक रेकॉर्ड काढायचं ठरवलं. कव्हर कसं करतात ते ठाऊक नव्हतं. त्यांनी इंग्लंडहून आलेल्या एका रेकॉर्डचं कव्हर अलगद उकललं, त्याची आकृती गिरवली, त्यावरून छापून घेतलं आणि हजार कव्हरं हाताने कापून, दुमडून, चिकटवली. डिसकॉर्ड ही त्यांची कंपनी १९८० मध्ये अशी उभी राहिली आणि आजही आहे.

मुखपृष्ठासाठी पेपर कापायला घ्या. कापलेल्या अक्षरांची ही ओळख जेमी रीड या चित्रकारामुळे जगभर पोचली. सेक्स पिस्टल्स या लंडनच्या पंक बँडच्या १९७७ च्या रेकॉर्डवर त्याने इंग्लंडच्या राणीचे डोळे आणि तोंड अशाच अक्षरांच्या पट्ट्यांनी झाकले होते. इंग्रजीत एकेक अक्षर सुटं कापता येतं. देवनागरीत तसं केलंत तर काना एकीकडे, वेलांटी भलतीकडे. म्हणून मात्रा-अनुस्वारासकट पूर्ण अक्षर कापा. मला 'पं' मिळाला 'पंचगंगा इशारा पातळीवर' या मथळ्यातून आणि 'क' कर्जमाफीतून. शिरोरेषा जुळवण्याचा मोह होईल, पण ती तुटू द्या, एक अक्षर वर, एक खाली. रेषा तुटली की वाचणारा तिथे क्षणभर थांबतो. आपल्या भाषेत पंक म्हणजे चिखल. २०१९ चा पूर ओसरल्यावर दुकानातला गाळ मी हातांनी काढला आहे, त्यामुळे हे अक्षर कापताना मला दोन्ही अर्थ जवळचे वाटले.

पान २ आणि ३ वर तुमच्या वहीतलं. इथे मार्क पेरीची आठवण ठेवा. तो १९ वर्षांचा, लंडनमध्ये बँकेत कारकून. रामोन्स ऐकून जुलै १९७६ मध्ये त्याने 'स्निफिन् ग्लू' नावाची झिन काढली. टाइपरायटरवर टाइप केलेली, मथळे जाड पेनने, चुका झाल्या तिथे सरळ काट. पहिल्या अंकाच्या प्रती पन्नासच्या आसपास, झेरॉक्सच्या. वर्षभरात खप हजारांवर गेला, आणि तेव्हा त्याने ती बंद केली. अंक वाचून समाधान मानू नका, आपापली झिन काढा, असं तो वाचकांना सांगत असे. पुष्कळांनी ऐकलं. गिटारच्या तीन कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजवायच्या सुरांची, चित्रं काढून 'आता बँड काढा' असं सांगणारं जे प्रसिद्ध पान आहे, ते त्याच लाटेतल्या 'साइडबर्न्स' नावाच्या झिनमधलं, पेरीच्या अंकातलं नव्हे. ही चूक फार ठिकाणी छापली जाते, तुम्ही करू नका.

लंडनच्या त्या पोरांना हे माहीत असण्याचं कारण नाही, पण १९५४ मध्ये मुंबईत दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि त्यांच्या मित्रांनी 'शब्द' हे अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून काढलं होतं. आपल्याकडे हा हात आधीपासून बसलेला आहे.

आता पान ४ आणि ५. झिन उघडल्यावर ही दोन शेजारी येतात, म्हणून सगळ्यात महत्त्वाचं इथे लावा. मी माझ्या दुसऱ्या झिनमध्ये इथे एकच तारीख घातली, दोन्ही पानांवर. ४ जून १९७६.

डावीकडे मँचेस्टर. हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली या दोन विद्यार्थ्यांनी लेसर फ्री ट्रेड हॉल भाड्याने घेऊन त्या संध्याकाळी सेक्स पिस्टल्सना बोलावलं होतं. माणसं मोजकीच आली. पण त्या हॉलशी जोडलेल्यांतून बझकॉक्स, जॉय डिव्हिजन असे बँड उभे राहिले, आणि पंकच्या प्रत्येक इतिहासात ही संध्याकाळ असते.

उजवीकडे लंडनचं साउथॉल. त्याच दिवशी गुरदीप सिंग चग्गर या १८ वर्षांच्या मुलाला डोमिनियन सिनेमासमोर भोसकून मारलं. मारणारे गोऱ्या तरुणांच्या टोळीतले. हा सिनेमा तिथल्या आपल्या लोकांचा, हिंदी पिक्चर लागायचे तिथे. या खुनानंतर साउथॉलची पोरं रस्त्यावर उतरली आणि साउथॉल यूथ मूव्हमेंट उभी राहिली.

ही दोन पानं शेजारी लावल्याशिवाय पंकची गोष्ट मला अर्धी वाटते. त्या दिवसांत काही पंक मंडळी नुसतं धक्का द्यायचा म्हणून दंडावर स्वस्तिक लावत, हिटलरचं. साउथॉलच्या घरातून ते कसं दिसत असेल? हे लपवू नका, छापा. त्याच ऑगस्टमध्ये एरिक क्लॅप्टन या प्रसिद्ध रॉक गिटारवादकाने बर्मिंगहॅममध्ये मंचावरून परदेशी लोकांना हाकलण्याची भाषा केली, आणि त्यावर चिडून काही लोकांनी 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही वंशवादविरोधी चळवळ सुरू केली. त्यांचंही हत्यार झिनच, नाव 'टेम्पररी होर्डिंग'. ३० एप्रिल १९७८ ला ट्रफाल्गर चौकातून निघालेला हजारोंचा मोर्चा व्हिक्टोरिया पार्कला पोचला, तिथे द क्लॅश हा पंक बँड वाजला आणि त्याच मंचावर स्टील पल्स हा रेगे, म्हणजे जमैकातून आलेल्या संगीताचा, बँड. पुढच्या वर्षी थॅचरबाईंच्या 'वेगळ्या संस्कृती'च्या लोकांबद्दलच्या बोलण्याला उत्तर म्हणून लंडनच्या पाकिस्तानी घरांतल्या पोरांनी एलियन कल्चर, म्हणजे परकी संस्कृती, हा बँड काढला. दोन्ही पानांमधली घडी मी कोरी सोडली नाही. तिच्यावर या सगळ्यांची नावं आडवी लिहिली, म्हणजे पान उलटताना ती दुमडतात.

पान ६ कुण्या एका माणसाला द्या. माझं पॉली स्टायरीनला. वडील सोमाली, आई स्कॉटिश-आयरिश, दातांना तारा. आपल्या १९ व्या वाढदिवशी तिने समुद्रकाठच्या हेस्टिंग्ज गावात सेक्स पिस्टल्सना पाहिलं आणि पेपरात जाहिरात देऊन स्वतःचा बँड जमवला, एक्स-रे स्पेक्स. व्हिक्टोरिया पार्कला तीही गायली. तिचा फोटो झेरॉक्सवर चांगला येत नव्हता, म्हणून मी तिचं चित्र काढलं. चित्रकला मला येत नाही, तरी ते पान मला सगळ्यात आवडतं. फोटो वापरणार असाल तर आधी त्याचीच एक डार्क प्रत काढा आणि ती प्रत मास्टरवर चिकटवा. राखाडी छटा निघून जातात, काळं-पांढरं उरतं.

पान ७ तुमच्या गल्लीचं. पंकची गाणी भाडं, बेकारी, कंटाळा यांच्यावर होती, तेव्हा इथे लंडन आणू नका. मी आमच्या बोळातल्या बंद दिव्यांबद्दल लिहिलं, खांबांचे नंबर टाकून.

शेवटचं पान खर्चाचं. बझकॉक्सने घरच्यांकडून, मित्रांकडून ५०० पौंड उसने घेऊन जानेवारी १९७७ मध्ये आपली पहिली रेकॉर्ड स्वतः काढली, सुरुवातीला हजार प्रती. कोणतं गाणं कितव्या प्रयत्नात जमलं, ते त्यांनी कव्हरवर छापलं. पुढे स्क्रिटी पोलिटी बँडने कव्हरवर सगळा हिशेबच छापला, स्टुडिओपासून छपाईपर्यंत. क्रॅस बँड तर यापेक्षा जास्त पैसे देऊ नका, असं लिहून किंमत टाकत असे. तुम्हीही लिहा: झेरॉक्स १००, गोंद ३५, पेपर रद्दीतले. वाचणाऱ्याला आपल्यालाही हे जमेल का, याचा हिशेब तिथल्या तिथे करता येतो.

दुकानात गेल्यावर आधी एकच प्रत मागा, घडी घालून पाहा, आकडे तपासा. कडांच्या सावल्या नको तिथे आल्या असतील तर मास्टरवर व्हाइटनर लावा, पूर्ण वाळू द्या, नाहीतर काचेला चिकटतं आणि दुकानदार ओरडतो. मग पन्नास. दर वेळी मास्टरवरूनच काढा. प्रतीवरून प्रत काढत गेलं की बारीक अक्षर बुजतं. घड्या घालायला दोघं-तिघं बसा, पन्नास प्रतींना तासभर लागतो. चहाच्या टपरीवर, ग्रंथालयात, एसटीच्या सीटवर ठेवून द्या.

आणि मास्टर काचेवरून उचलायला विसरू नका. त्या मुलाचं पान अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. कधी आला तर द्यायचं आहे, सोबत माझे दोन्ही अंक.