लिलावाच्या मालाची फ्रँचायझी घेताय? आधी एक लॉट घरी आणा

गेल्या दिवाळीत माझा भाचा पुण्याहून आला तो एक चकचकीत माहितीपत्रक घेऊनच. ऑनलाइन खरेदीत गिऱ्हाइकांनी परत केलेला माल, बंद पडलेल्या दुकानांचा उरलेला साठा, असलं सगळं घाऊक उचलायचं आणि दुकानात नि ॲपवर लिलाव लावून विकायचं, याची कोल्हापूरची फ्रँचायझी. "मामा, अकरा महिन्यांत पैसे वसूल," म्हणाला. नोकरी सोडायची तयारी जवळजवळ झालेली. मी शिवाजी उद्यमनगरात सत्तावीस वर्षं जुन्या लेथ, ड्रिल मशीन, मोटारी घेतो-विकतो. लिलावात हात पोळलेला माणूस म्हणून त्यानं मला विचारलं, आणि पुढचे तीन महिने आम्ही दोघांनी ते प्रकरण चाळणीतून काढलं. कुणापुढं असलीच ऑफर असेल तर आम्ही काय काय केलं ते सांगतो.

आधी शब्दाचा घोळ मिटवा. परत आलेला नि उरलेला माल घाऊक विकून टाकण्याला 'लिक्विडेशन' म्हणतात. दिवाळखोरी कायद्याखाली (२०१६ चा) एखादी कंपनी मोडीत निघते तेव्हाही तोच शब्द वापरतात आणि बँक कर्जबुडव्याची मशिनरी विकते तेही लोक त्यातच धरतात. या लिलावांना फ्रँचायझी लागत नाही. सरकारी बँकांचे लिलाव 'बँकनेट' पोर्टलवर असतात, नोंदणी करून अनामत भरली की कुणीही बोली लावावी. माहितीपत्रकात जप्तीच्या कारखान्यांचे फोटो असतील आणि तुम्हाला मिळणारा माल परत आलेल्या मिक्सरचा असेल, तर तिथंच एक खूण करून ठेवा.

मग माल येतो कुठून ते विचारा. न विकलेला नवा साठा वेगळा, गिऱ्हाइकानं उघडून परत केलेला वेगळा आणि वाहतुकीत आपटलेला किंवा भिजलेला वेगळा. तिन्हीचा भाव एक असूच शकत नाही. २०१९ च्या पुरानंतर मी विम्याच्या सॅल्व्हेजमधून (विमा कंपनी विकते तो नुकसान झालेला माल) बारा मोटारी घेतल्या होत्या. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी, त्या वर्षी पाणी ५५ च्या वर गेलेलं. मोटारी बाहेरून पुसून रंगवलेल्या, एकदम टकाटक. एकीचा टर्मिनल बॉक्स उघडला तर आत पंचगंगेचा गाळ, वाळून पापुद्रे झालेला. महिन्याभरात आठ जळाल्या. कागदावर लिहिलेलंच होतं, 'जसं आहे, जिथं आहे'. तक्रार कुणाकडं करणार? फ्रँचायझीच्या करारात हेच वाक्य कंपनी आणि तुमच्यामध्ये असतं, पण तुमच्या आणि गिऱ्हाइकाच्या मध्ये ते चालवता येईलच असं नाही. राजारामपुरीतली बाई बंद मिक्सर घेऊन तुमच्याच काउंटरवर येणार, आणि नाही ऐकलं तर ग्राहक आयोगात जाणार. बिलावर नाव तुमचं.

भाच्याला मी एकच गोष्ट सांगितली. या कंपनीला पैसे मिळतात कशातून, ते लिहून काढ. त्यानं काढलं: फी ६ लाख, अनामत ३ लाख, दुकानाची सजावट त्यांच्याच माणसाकडून ५ लाख, पहिला माल त्यांच्याकडूनच ६ लाख. शिवाय विक्रीवर ४ टक्के रॉयल्टी आणि सॉफ्टवेअरचे महिन्याला अडीच हजार. वीस लाखांतली अनामत तेवढी परत मिळणारी, तीही अटींवर. म्हणजे माल विकला जायच्या आधीच कंपनी सुटली. रॉयल्टी विक्रीवर आहे, नफ्यावर नाही. तुम्ही तोट्यात विकलं तरी त्यांचे चार टक्के ठरलेले. वर दर आठवड्याला एक लॉट, म्हणजे एकगठ्ठा विकला जाणारा माल, घेतलाच पाहिजे ही अट. लॉट कोण निवडणार? ते. चांगला लॉट स्वतःच्या ॲपवर विकायचा आणि उरलेला फ्रँचायझीला पाठवायचा, हा मोह कुणाला होणार नाही?

म्हणून फी भरायच्या आधी साधं गिऱ्हाईक म्हणून त्यांचाच एक लॉट विकत घ्या. आम्ही घेतला. ४८ नग, यादीतली एमआरपीची बेरीज १,१२,०००, भाव एमआरपीच्या २८ टक्के, म्हणजे ३१,३६०. वर १८ टक्के जीएसटी. भिवंडीहून टेम्पो ४,२०० आणि हमाली ६००. शेडमध्ये ताडपत्री अंथरून एकेक खोका फोडला. एका मिक्सरला तीनपैकी एकच भांडं, झाकण नाही. इस्त्रीच्या खोक्यात दुसऱ्याच कंपनीची जुनी इस्त्री. कुणा बहाद्दरानं नवी ठेवून घेऊन घरातली परत केलेली. ट्रिमरमध्ये केस अडकलेले. प्रत्येक नग प्लग लावून पाच मिनिटं चालवला आणि खडूनं तीन रकाने केले: चालू, दुरुस्तीजोगा, भंगार. निघाले १९, १४ आणि १५. यादीत सगळ्यांपुढं 'बी ग्रेड' लिहिलेलं.

तीन रविवार घालवून सगळं विकलं. चालू नग सरासरी ११५० ला, दुरुस्त केलेले ६५० ला, भंगाराचे एकगठ्ठा १,८००. एकूण ३२,७५०. दुरुस्तीला २,९०० गेले. जीएसटीचं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) धरून हिशेब केला तरी अकरा हजारांच्या वर खड्डा, आणि यात जागेचं भाडं नाही की आमची मजुरी नाही.

एमआरपीवर जाऊ नका, हे त्यातूनच कळलं. ४,९९५ छापलेला मिक्सर त्याच दिवशी ऑनलाइन २,४०० ला नवाकोरा, वॉरंटीसकट मिळत होता. एमआरपीच्या २८ टक्के म्हणजे खऱ्या भावाच्या ५८ टक्के झाले, तेही निम्माशिम्मा माल बंद असताना. यादी मागवा, त्यातले वीस नग काढा आणि आजचा ऑनलाइन भाव समोर लिहा. संध्याकाळभराचं काम आहे.

दुकानाचा हिशेब उलटा करायचा, खर्चाकडून. भाच्यानं पाहिलेला गाळा ३२ हजार, दोन पोरं २६, वीज ६, सॉफ्टवेअर अडीच, टेम्पो-दुरुस्ती-किरकोळ साडेआठ. झाले ७५ हजार. माल बरा लागला आणि कर जाऊन २० टक्के सुटले असं धरू, त्यातले ४ रॉयल्टीला. उरलेल्या १६ टक्क्यांतून ७५ हजार काढायला महिन्याला पावणेपाच लाखांच्या आसपास विक्री पाहिजे. २६ दिवस धरले तर दिवसाला अठरा हजार, म्हणजे नऊशेचे वीस नग. रोज. श्रावणात आणि पितृपक्षातसुद्धा. एवढं करून भाच्याचा पगार शून्य आणि वीस लाखांचं व्याजही शून्य.

दुसऱ्या फ्रँचायझीवाल्यांना भेटायचं तर कंपनीनं दिलेल्या नंबरांवर थांबू नका. आम्ही एसटीनं दोन गावं केली, मुद्दाम बुधवारी दुपारी. पुढच्या फळ्या बघून काही कळत नाही, मागची खोली बघा. न खपलेला माल तिथं छताला लागलेला असतो. मालकापेक्षा दुरुस्तीवाल्या पोराशी बोला. चहा पाजला की तो सांगतो गाडीत किती माल बंद येतो. बंद पडलेलं एक दुकानही शोधा. त्याच्या जुन्या मालकाशी अर्धा तास बोलून आम्हाला जे कळलं ते माहितीपत्रकाच्या चोवीस पानांत नव्हतं.

करारातली दोन कलमं वकिलाला दाखवायच्या आधी स्वतः वाचा. एक, हद्द. 'कोल्हापूर' म्हणजे काय? फक्त ४१६००८ हा पिनकोड की शहर, की जिल्हा? आणि कंपनीचं ॲप त्याच हद्दीत थेट विकणार असेल तर त्या विक्रीत तुमचा वाटा आहे का? दुसरं, लिलाव कोण चालवतं. एक रुपयापासून बोली सुरू करायची सक्ती असेल आणि किमान किंमत ठेवायचा हक्क तुम्हाला नसेल, तर पावसाळी संध्याकाळी चार गिऱ्हाइकांत तुमचा कूलर तीनशेला जाईल. याची दुसरी बाजू जास्त वाईट. ॲपवर खोट्या बोल्या लावून भाव चढवला जात असेल, तर १९३० च्या माल विक्री कायद्याच्या ६४ व्या कलमानुसार गिऱ्हाइकाला तो सौदा मोडता येतो. आणि बिल पुन्हा तुमच्या नावावर.

वादाचं ठिकाण बघा. आता उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलंय म्हणून आपण खूश असतो, पण करारात लवाद गुरुग्रामला लिहिला असेल तर गाडी तिकडंच पकडावी लागते.

आपल्याकडं फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. अमेरिकेत कंपनीला सही-पैशांच्या किमान १४ दिवस आधी सगळी माहिती लेखी द्यावी लागते, इथं ती आपणच मागून घ्यायची. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर थोडी फी भरून ताळेबंद निघतो. उत्पन्नात फीचा वाटा किती आणि माल विक्रीचा किती, ते बघा. फीवरच घर चालत असेल तर त्यांचा खरा माल म्हणजे तुम्ही. ट्रेडमार्क नोंदलाय का तेही फुकट बघता येतं. आमच्या प्रकरणात अर्ज होता, त्यावर हरकत आलेली होती आणि फी मात्र 'ब्रँड'ची घेत होते.

भाच्यानं सात प्रश्न ईमेलनं पाठवले: गेल्या वर्षी किती दुकानं उघडली, किती मिटली, बंद नगांची जबाबदारी कुणाची, असे. उत्तर लेखी आलं नाही. फोन आला, की ऑफर शुक्रवारपर्यंतच आहे आणि पन्नास हजार टोकन टाका, परत मिळणार नाही. शुक्रवार येऊन गेला, त्याला आता दोन महिने झाले. परवा परत तोच फोन, तीच ऑफर, फी आता साडेचार लाख.

भाचा अजून पुण्यातच नोकरीला आहे. दर महिन्याला एक छोटा लॉट स्वतः निवडून घेतो आणि माझ्या शेडमध्ये तपासतो. गेल्या खेपेला त्यानं फक्त टेबल फॅन घेतले, तीस नग. त्यात पाती वाकडी असतात बहुतेक, मोटार ठीक असते. सरळ करायला पाच मिनिटं लागतात.